लिएपायाला आलेला पाहुणा

प्रिय सानिता,

तुम्ही दोघी सुखरूप पोचलात हे फोनवर कळलंच. पण फोनवर तू विचारतेस, "आई, तब्येत कशी?" मी म्हणते, "बरी आहे," आणि मग आपण दोघी हवेबद्दल बोलतो. म्हणून पत्र लिहायला बसले. हवेचं आधी सांगून टाकते. तुम्ही गेल्यापासून लिएपायात वारा थांबलेला नाही. अंगणातल्या लायलॅकचा बहर निम्मा झडला, पण वाऱ्याचे मासे, ते लांब चोचीचे, अजून येताहेत. माझ्या गाळ्यावरच्या बिरुताचा गुडघा सुजलाय, तरी रोज बाजारात येते आणि सगळ्यांशी भांडते, म्हणजे ठीकच आहे म्हणायचं. दार्ताचा एक मोजा पलंगाखाली सापडला. धुऊन ठेवलाय.

आता एक गंमत सांगते. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मासळीच्या गाळ्यावर एक परदेशी माणूस आला. उंच, वाऱ्यानं कान लालभडक झालेले. त्यानं धुरी दिलेल्या वाऱ्याच्या माशाकडे बोट केलं आणि आपल्या भाषेत 'कृपया' म्हणाला. ते असं म्हणाला की बिरुतानं विचारलं, "काय गं, खोकला झालाय का याला?" मासा घेऊन तो बाहेर बाकावर बसला आणि लगेच परत आला, हातात काटा धरून. हिरवागार काटा! बिचाऱ्याला वाटलं, मासा विषारी झालाय. बिरुता हसून हसून मागच्या पेटीवर बसली. "सांग त्याला, याची हाडं जन्मतःच हिरवी असतात. एवढा मोठा गडी आणि माशाला घाबरतोय!" मी त्याच्यादेखत एक तुकडा तोडून खाल्ला, तेव्हा कुठे त्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत आला. मी सावकाश, तोंड मोठं करून विचारलं, "फिरायला आलास?" तो म्हणाला, "नाही. वाट बघतो." "कुणाची?" तर कान आणखी लाल.

तू रोज संध्याकाळी तासभर बाहेर जायचीस. एकदा दोरा आणायला, एकदा दार्ताच्या चपलेचं निमित्त, एकदा नुसतंच, "आई, समुद्रावर जाऊन येते." मला वाटायचं, ही गातिसकडे जाते, स्मशानात, एकटी. माझ्यासमोर रडवत नसेल. मी दार्ताला मांडीवर घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, सहा वर्षं झाली, पण माझ्या लेकाला ही विसरलेली नाही. सानिता, मला त्याचा अभिमान वाटायचा. तो वाटला, हेही तुला कळायला हवं.

मग शनिवारी आपण तिघी बाजारात गेलो. तो नेहमीप्रमाणे गाळ्यापाशी उभा होता. दार्तानं माझा हात सोडला आणि "डोनल!" म्हणून ओरडत पळत जाऊन त्याच्या दंडाला लोंबकळली, झाडाला लोंबकळावं तशी. तुझा चेहरा पांढरा पडला. "आई, हा... आमच्या तिकडचा. कामावरचा. फिरायला आलाय म्हणे. योगायोगच." बिरुताची जीभ तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "योगायोग चांगला धिप्पाड आहे गं!" कुणीच हसलं नाही. मी त्याचा मासा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला, बस. परतताना ट्राममध्ये तू कालव्याकडे बघत बसलीस, आणि दार्ता कधी तुझ्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, आपण काहीतरी चुकलो. तिला सांग, काही चुकली नाही.

तुला वाटलं, मला राग आला. राग नाही आला गं. भीती वाटली. गातिस गेला, तेव्हा मला वाटलं होतं, आता तुम्हीही तिकडे परदेशातच विरून जाल. पण तू दर वसंतात पोरीला घेऊन येत राहिलीस. आता दार्ता आपली भाषा बोलताना अडखळते, मधेच तिकडचे शब्द टाकते, पण मला, आजीला, 'ओमे' म्हणून हाक मारते ती अगदी इथल्या पोरींसारखी. मला वाटलं, त्या माणसाची आई असेल, तिचीही ही नात होईल, आणि मग एवढ्या लांब एका म्हातारीकडे कोण कशाला येईल? रविवारी आपण गातिसच्या थडग्यावर फुलझाडं लावली, तेव्हा तू किती वेळ भोवतीच्या वाळूवर दाताळं फिरवत होतीस. वाळू केव्हाच सारखी झाली होती. मला दिसत होतं, तुला काहीतरी बोलायचंय. पण मी पाण्याची झारी भरायला निघून गेले. बोलू दिलं नाही मी तुला.

पुढचं तुला माहीत नाही. निघायच्या दिवशी सकाळी तू बॅगा भरत होतीस, तेव्हा मी झाडांना पाणी घालायला स्मशानात गेले. तर तो फाटकाबाहेर उभा. हातात पांढऱ्या घंट्यांसारख्या त्या फुलांची छोटी जुडी, बाजारात म्हाताऱ्या विकतात ना, ती. आत यायचं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. मी म्हटलं, "आलास तर आत ये. वाऱ्यात काय उभा राहतोस?" माझ्यामागोमाग आला. थडग्यापाशी टोपी काढली. जुडी ठेवणार, तेवढ्यात मी देठ मोजले. सात. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! मी एक फूल काढून घेतलं आणि म्हटलं, "गेलेल्यांना जोडीनं द्यायची. विषम द्यायची ती जिवंत माणसांना." त्याला किती कळलं देव जाणे. त्यानं सहा फुलं गातिससमोर ठेवली आणि माझ्या हातातल्या त्या एकाकडे बोट करून आपल्या भाषेत म्हणाला, "हे तुम्हाला."

मग आम्ही बाकावर बसलो. तो फोनमध्ये त्याच्या भाषेत बोलायचा आणि फोनमधली बाई मला आपल्या भाषेत सांगायची, रेल्वेची घोषणा करावी तशी. "मी तिला दोन वेळा विचारले आहे. ती म्हणते, आधी आईला सांगेन. ती दर वर्षी इथे येते आणि न सांगता परत येते. या वेळी मी सोबत आलो." मी विचारलं, "आणि तिनं कधीच सांगितलं नाही तर?" त्यानं टोपी हातात फिरवली आणि फोनशी काहीतरी बोलला. मग ती बाई म्हणाली, "मग मी पुढच्या वर्षी पण मासे खाईन." मला हसू आलं आणि रडूही आलं. त्याला बजावलं, आपण भेटलो हे तिला सांगू नकोस, मी सांगेन. त्यानं सांगितलं नसणार. तसा वाटला मला.

तुला कधी सांगितलं नाही, पण मीही अडतिसाव्या वर्षी एकटी झाले, पदरात गातिस. बंदरात क्रेन चालवणारा एगोन्स नावाचा एक माणूस होता. भला होता, हसवायचा. सासूबाईंना सगळं कळत होतं. त्यांनी कधी विरोध केला नाही, कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्यापुढे सूपचा वाडगा ठेवायच्या आणि खिडकीकडे बघायच्या. तेवढं मला पुरलं. एगोन्सला मी नाही म्हणाले. सासूबाई मायाळू होत्या, शेवटपर्यंत मला लेकीसारखं वागवलं. पण त्यांनी एकदा तोंड उघडून "जा" म्हणायला हवं होतं गं. त्या ट्राममध्ये तुझ्या शेजारी बसून मीही नेमकी तशीच गप्प होते.

म्हणून हे पत्र. सानिता, त्याला हो म्हण. माझ्यासाठी थांबू नकोस आणि गातिससाठी तर मुळीच नको, त्याला कुणाला ताटकळत ठेवलेलं कधी आवडलं नाही. लग्न इथे करायचं की तिकडे, ते तुम्ही ठरवा. इथे केलंत तर मासे मी आणि बिरुता बघू, आणि बिरुताच्या तोंडाचा बंदोबस्तही मीच करेन. तिकडे केलंत तर मला विमानाची भीती वाटते, हे तुला माहीत आहे. तेवढं दार्ताला घेऊन मला न्यायला या. ती शेजारी बसली की मी डोळे मिटून घेईन.

तुझीच,
आई