शिडीचं गणित

प्रिय धाकट्या,

तुझी पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची आणि गणिताची पुस्तकं मी माळ्यावरून खाली काढली, हे ताईनं तुला सांगितलं असेलच. आईला म्हातारपणी खूळ लागलंय, हेही सांगितलं असेल. खूळ तर खूळ. गेलं दीड वर्ष दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मशीनवरचं कापड बाजूला सारते आणि वही उघडते. वही तुझीच, अर्धी कोरी राहिलेली. तू कॉलेज सोडलंस त्याच्या पुढच्या पानापासून माझी सुरुवात आहे.

मी आठवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पहिला महिना सगळं डोक्यावरून गेलं. मग शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई कोटाचं अस्तर बदलायला आल्या आणि त्यांना कात्रीखाली दाबलेली वही दिसली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्या येतात. त्यांचे कपडे मी शिवते, त्या मला शिकवतात. फार कडक आहेत. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही की फुली. "पाच म्हणजे काय? पाच मीटर, पाच सेकंद, की पाच बटाटे?" असं विचारतात. कोन मात्र मला पटकन कळले. उरेब कापड कापण्यात जन्म गेला, त्याच तिरपेपणाला साइन आणि कोसाइन म्हणतात एवढंच नवीन होतं. उदाहरणांतली माणसं मला विचित्र वाटायची. कुणी उंचावरून चेंडू सोडतं, कुणी उतारावरून खोकं ढकलतं, का ते कुणी सांगत नाही. आणि जिथे तिथे "घर्षण नाही असे समजा". मी बाईंना म्हटलं, असं कसं समजायचं? त्या म्हणाल्या, "आधी सोपं करून घ्यायचं, मग खरं." मला घाई खऱ्याची होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

पुस्तकात पुढे भिंतीला टेकलेल्या शिडीचं उदाहरण आहे. तुझ्या पुस्तकात त्या पानावर पेन्सिलीची एकही खूण नाही. तू तिथपर्यंत पोचलाच नाहीस, की ते पान सोडून दिलंस, कोण जाणे. मी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच पानाकडे निघाले होते. आकडे माझ्याकडे होते. चौकशीच्या कागदात सगळं लिहिलं आहे: चार मीटरची शिडी, पाय भिंतीपासून दोन मीटरवर, खाली गुळगुळीत फरशी. तुझ्या बाबांचं वजन मला माहीत होतं, रंगाच्या डब्याचंही. दोन्ही मिळून पंच्याहत्तर किलो, शिडीचं वजन वेगळं. छतालगतची पट्टी रंगवत होते, म्हणजे शिडीच्या पाच भागांतले चार भाग वर.

बाबा शिडीवरून पडून गेले त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला म्हणालास, "आई, शिडी मी धरायची होती. फोन आला म्हणून दारापर्यंत गेलो." एवढंच म्हणालास. मी तुझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाही. सहा वर्षं झाली, अजून बोललेले नाही. तू कॉलेज सोडलंस, गाव सोडलंस, त्या थंडगार गोदामात कामाला लागलास, आणि मी तुला फोनवर जेवलास का एवढंच विचारत राहिले. मला वाटायचं, गणित करून मी एक दिवस तुला दाखवीन की तुझ्या धरण्यानं काही फरक पडला नसता. शिडी सरकायची ती सरकलीच असती. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

बाईंना अखेर खरं सांगावं लागलं. पुढच्या रविवारी त्या जोर मोजायचा ताणकाटा घेऊन आल्या. शिडी मागच्या बोळात तशीच पडून होती, ती आम्ही दोघींनी आत आणली. तिच्यावर पुस्तकांचे गठ्ठे बांधून त्याच फरशीवर ओढली आणि काट्यावर किती जोर लागतो ते लिहून घेतलं. मग मी उदाहरण सोडवलं. तीन वेळा. पाय सरकू नयेत म्हणून अडतीस किलोच्या वजनाइतका जोर लागत होता आणि फरशी सव्वीसच देत होती. बारा कमी पडत होते. बारा किलो, धाकट्या. एक भरलेली बादली. तुझा नुसता पाय आड असता तरी शिडी उभी राहिली असती. मी हे लपवणार नाही. बाई म्हणाल्या, "हे मुलाला कळवायलाच हवं असं नाही." मी वही मिटली.

पण ते गणित तिथे संपत नव्हतं, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सव्वीस हा आकडा उघड्या पायांचा आहे. शिडीच्या पायांना रबर असायचं. ते झिजून निघून गेलं होतं. बाबांनी मला सांगितलं होतं, "बाजारात जाशील तेव्हा शिडीचं रबर आण." एकदा नाही, तीनदा. हार्डवेअरचं दुकान माझ्या दुकानासमोरच आहे. शिवणाची घाई होती, आज नको उद्या करत दोन आठवडे गेले. चौकशीला आलेल्या माणसानं रबराचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. गेल्या महिन्यात मी ते रबर आणलं. रस्ता ओलांडून परत यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. शिडीला लावून पुन्हा ओढून पाहिलं. सव्वीसचे बावन्न झाले. कुणी धरलं नसतं तरी बाबा खाली उतरून आले असते.

सगळे आकडे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहेत. चूक असेल तर तुला दिसेल. माफ कर असं मी म्हणत नाही, तो हक्क सहा वर्षं गप्प बसून घालवला. हे मी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं. पण परवा ताई म्हणाली की तुझी मुलगी चार महिन्यांची झाली तरी तू तिला अजून एकदाही उचललेलं नाहीस. बायकोनं विचारलं तर म्हणालास, माझ्या हातांचा भरवसा नाही. ते ऐकून आज दुकान उघडलं नाही, लिहायला बसले. रागव माझ्यावर, बोलू नकोस, हे पत्र फाडून टाक. पण मुलीला घे. उभ्यानं भीती वाटली तर जमिनीवर बसून घे.

तुझीच,
आई