समासाच्या कातरणाची पिशवी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकवीस, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या अर्ध्यापर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मामांना याबद्दल शंका आहे, पण ती त्यांना मी रांगत होतो तेव्हापासून आहे.

लिहिण्याचं कारण असं की, येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. हृदयाला जन्मापासून एक भोक होतं, ते आत्ता सापडलं. हे प्रतीक नाही. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. शंभरातले पंच्याण्णव चालत घरी जातात, असंही ते म्हणाले. उरलेल्या पाचांनी काही लिहून ठेवलं होतं का, हे मी विचारलं नाही.

कलम एक. घर मला नाही. बाइंडिंगच्या दुकानावरचा माळा मामांचा आहे, पण त्यातली खाट, टेबल आणि टेबलाचा दिवा माझा. हे तिन्ही माझ्या धाकट्या बहिणीला द्यावं. टेबलाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, ती काढू नये. धाकटीने कॉलेज पूर्ण करावं. त्यासाठी घरच्यांनी माझं उदाहरण दिलं तर खुशाल द्यावं. भांडायला मी नसेन.

कलम दोन. माझी हत्यारं, म्हणजे दोन दाभणं, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि लाकडी मुठीची सुरी, ही मामांना परत. ती त्यांचीच होती. मी कॉलेज सोडून दारात उभा राहिलो तेव्हा आईने तीन दिवस अबोला धरला, आणि मामा एवढंच म्हणाले, "रॉकेल, आत ये. पण शेगडीवरच्या खळीच्या पातेल्यापासून लांब बस." तेव्हापासून त्यांनी मला रॉकेल सोडून दुसरी हाक मारलेली नाही. माझी काही तक्रार नाही.

कलम तीन. इंग्रजीच्या सरांशी माझं वैर होतं. ते मी या कलमान्वये संपवत आहे, पण आधी ते काय होतं हे नोंदवतो.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका जुन्या अमेरिकन लेखकाचा कथासंग्रह होता. त्याच्या सगळ्या गोष्टी एका थंड, समुद्रकाठच्या गावातल्या. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर तक्ता काढला: बंद खिडकी म्हणजे अपराध, मीठ म्हणजे पश्चात्ताप, बर्फ म्हणजे मरण. आम्ही तो उतरवून घेतला. शेवटच्या गोष्टीत एक सुतार आहे. त्याने बांधलेल्या होडीत एक फळी कच्ची राहिलेली असते. त्याला ते माहीत असतं, तो बोलत नाही, आणि मेहुणा ती होडी घेऊन जातो. मग सुतार आपल्या घराच्या खिडक्या एकेक करून खिळे ठोकून बंद करतो. मी पेपरात लिहिलं की खिडकीला अपराध म्हणणं सोपं आहे. त्या माणसाला समुद्राचा आवाज सहन होत नाही, म्हणून तो खिळे ठोकतो, आणि सुतार असल्यामुळे ठोकतोही चांगले.

सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. "याला खिडकी दिसते," ते म्हणाले, "अर्थ दिसत नाही." वर्ग हसला. मी पेपर त्यांच्या टेबलावर फाडला आणि बाहेर पडलो, तो आजपर्यंत आत गेलो नाही. सर, तुमचं निम्मं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. कसं ते कलम चारमध्ये आहे. त्या लेखकाच्या खिडक्यांवर मी लिहिलेली वही तुम्हाला द्यावी. तीत तुम्हाला मूर्ख म्हटलेल्या जागा मी खोडल्या आहेत. दोन राहिल्या असतील.

कलम चार. हे माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी. वर्ग तिला खोडरबर म्हणायचा, कारण लायब्ररीच्या पुस्तकांत लोकांनी पेन्सिलने लिहून ठेवलेलं ती बसून पुसायची. त्या कथासंग्रहाची लायब्ररीत एकच प्रत होती. मी त्या प्रतीच्या समासात लिहिलं, पण या मुलीने ते पुसलं नाही. खाली उत्तर लिहिलं. ते अर्धं वर्ष आम्ही त्या पुस्तकाच्या कडेकडेने भांडलो. समोर आलो की मात्र घड्याळात किती वाजले, एवढंच बोलायचो. सुताराच्या गोष्टीपाशी तिने लिहिलं होतं: "सर आणि तू, दोघंही चुकताय. खिळे आतून ठोकलेत. म्हणजे काढणंही त्याच्याच हातात आहे. या लेखकाची माणसं गुन्ह्याने मरत नाहीत, न सांगण्याने मरतात."

पेपर वाचला गेला त्या दिवशी तीही हसली. मी कॉलेज सोडलं ते सरांमुळे, असं सगळ्यांना वाटतं. ते चूक आहे.

चार महिन्यांनी लायब्ररीची तेवीस फाटकी पुस्तकं आमच्याकडे बांधणीला आली. त्यात ते होतं. आता मामांच्या दुकानाचा नियम असा की, कटिंग मशीनखाली पुस्तक घालण्याआधी पानन्‌पान चाळायचं. समासात कुणी लिहिलं असेल तर कडा नुसती केसभर कापायची. "लोक पुस्तक वाचतात मधे," मामा म्हणतात, "पण राहतात कडेला." मी ते पुस्तक ओळखलं आणि माझं डोकं फिरलं. उघडलं नाही. मशीनखाली घातलं आणि तिन्ही बाजूंनी बोटभर कापलं.

संध्याकाळी कातरण गोळा करताना एका पट्टीवर तिचं अक्षर दिसलं. मी गेल्यानंतर लिहिलेलं, कारण शाई होती, आणि तोवर ती पुस्तकात कधी शाईने लिहीत नसे. मी टोपली पालथी केली. सतरा पट्ट्या निघाल्या. जुळवून पाहिल्या, पण तेवीस पुस्तकांची कातरणं एकत्र होती आणि अर्धी भट्टीवाला जाळायला घेऊन गेला होता. एवढंच लागतं: "हसले ते", मग काही नाही, मग "म्हणून सांगते", मग पुन्हा काही नाही.

ग्रंथपालबाईंनी मला सांगितलं की पुस्तक परत आल्यावर ती आली होती. पुस्तक कुणी बांधलं ते विचारलं, शेवटचं पान उघडून बराच वेळ उभी राहिली आणि ठेवून गेली. म्हणजे तिला वाटतं की मी वाचलं, आणि कापणं हेच माझं उत्तर. तसं नाही. हे आठ महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशी सांगितलं नाही याची लाज वाटली, आणि रोज एकेक खिळा वाढत गेला. तो सुतार मला फळ्यावर कळला नाही, दुकानात कळला. बंद खिडकीत अपराध असतो, हे सरांचं निम्मं तेवढं बरोबर.

सबब, माझ्या मृत्यूनंतर सतरा पट्ट्यांची कापडी पिशवी तिला द्यावी, आणि सांगावं की याने वाचलं नव्हतं. माझं तिच्यावर प्रेम होतं, हे सांगावं की नाही ते मामांनी ठरवावं.

पुरवणी, मंगळवार दुपार. साक्षीला मामा बसले होते. पण मी वकिलाकडच्या कारकुनाला विचारून आलो होतो: ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याच्या वाट्याचं जातं. मामांना हत्यारं मिळणार. "मग मी बाहेरचं कुणी बघतो," म्हणून ते लायब्ररीकडे गेले आणि ग्रंथपालबाईंना घेऊन आले. त्यांच्या मागे खोडरबर होती. "बाई म्हणाल्या ही मोकळी आहे," मामा छताकडे बघत म्हणाले. "मला काय माहीत कोण ही."

"साक्षीदाराने आतलं वाचायचं नसतं," मी म्हणालो.

"मी न वाचता कुठेच सही करत नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

कलम तीनला हसली. कलम चार तिने दोनदा वाचलं. मग कागदाकडेच बघत म्हणाली, "वाचलंच नव्हतंस?"

"नाही."

"बाकीच्या बावीस पुस्तकांतलं एकही न चाळता कापलं नसशील, आणि नेमकं हेच."

"हेच."

"काय माणूस आहेस."

मामा म्हणाले, "हे आम्ही रोज म्हणतो."

मी कारकुनाचा नियम तिला समजावला. पिशवी तिच्या नावावर आहे, तेव्हा तिने सही केली तर पिशवी जाईल. "तू मेल्यावर मिळणार ती मला नकोच आहे," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.

"त्यात काय लिहिलं होतंस?"

"आत्ता नाही. गुरुवारी भूल उतरली की पहिलं ते सांगेन. तोंडी. तुझ्या हाती कागद द्यायची सोय नाही."

तेव्हा कलम चार रद्द समजावं. बाकी सर्व कायम.

लिहून देणार: सही (मामांचा रॉकेल)

साक्षीदार पहिली: सही, कॉलेजच्या ग्रंथपाल

साक्षीदार दुसरी: सही, खोडरबर. वाचून, समजून, शाईने.

ठिकाण: मामांचं बाइंडिंगचं दुकान, कटिंग मशीनशेजारचं टेबल
तारीख चौदा, मंगळवार