अळ्यांच्या खोलीत कापूस ठेवण्याबाबत

मी, गोविंदा शेषराव डवंगे, वय सव्वीस, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणे, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय आणि चहाखेरीज काहीही न घेता लिहीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त खालची अक्कलदाढ आडवी आली असून ती सोमवारी मलकापूरला काढायची आहे.

दाढ काढण्याआधी एका कागदावर सही करावी लागते. बाकीचे पेशंट न वाचता करतात. मी वाचला. त्यात जे जे होऊ शकते म्हणून छापले आहे, ते वाचल्यावर कोणीही शहाणा माणूस मृत्युपत्र करील. बाबा म्हणाले, "दाढ काढाले चालला का काशीले चालला बे? होती तेवढी अक्कल ठेवून येशील, दुसरं काय होईन?" तरीही लिहितो, कारण माझ्यामागे अळ्या आहेत. मी बारावी विज्ञानात नापास आहे, पण शुद्धलेखन तपासून घेतले आहे.

कलम १. आजोबांनी बक्षीसपत्राने दिलेल्या जागेवर मी स्वकमाईने पत्र्याची एक खोली बांधली आहे. तिच्यात माझी लहान बहीण काजल हिच्या गुलाबी बोंडअळ्या राहतात. काजल अकोल्याला कीटकशास्त्रात पीएच.डी. करत आहे. पूर्वी ज्या कपाशीला अळी लागत नसे, तिलाही ती आता का लागते, हे ती शोधते. त्यासाठी आपल्याच शिवारातल्या अळ्यांच्या पिढ्या खंड न पडता वाढवाव्या लागतात. खंड पडला की काम पहिल्यापासून. काजल अधूनमधून येते. एरवी त्यांचे खाणेपिणे माझ्याकडे आहे. सगळा गाव जिला मारतो तिला आम्ही पाळतो, त्यामुळे आमच्याकडे हळदीकुंकवालाही बायका पदर झटकून मगच घरी जातात.

कलम २. बंद पडलेल्या फ्रिजला बल्ब लावून केलेली ऊबपेटी, पतंगांचे जाळीचे पिंजरे आणि पतंग सुटू नयेत म्हणून एकामागे एक लावलेल्या दोन दारांच्या दोन्ही किल्ल्या काजलला.

कलम ३. अळ्यांचे खाणे ज्यात वाटतो तो मिक्सर आई, म्हणजे कोकिळा शेषराव डवंगे हिला. आईच्या माहेरी शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून आईही चौथीपर्यंतच आहे. अट एकच, तिने खोलीत धूप लावू नये. गेल्या वर्षी खंडेनवमीला मी पान्हे, पकडी पुजायला मांडल्या, तेव्हा आई म्हणाली, पोरीची हत्यारे का उपाशी ठेवायची? तिने सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिले, पिंजऱ्यांसमोर धूप फिरवला आणि दार लावून घेतले. आरती संपेपर्यंत पतंगांची पूर्ण पिढी तळाशी. काजल धावत आली. आई म्हणाली, "म्या तं धूपच देला वं, फवारा थोडीच मारला?" काजलने मेलेले पतंग चिमट्याने उचलून मोजले. मग म्हणाली, "जाऊ दे आई. बोंडअळीच्या जातीत सर्गात जाणारे हेच पहिले असतीन." नशिबाने ऊबपेटीत कोष होते, म्हणून खंड पडला नाही.

कलम ४. बाबांना, म्हणजे शेषराव डवंगे यांना, खोलीचा पुढचा अर्धा भाग कापूस ठेवण्यासाठी. ही खोली त्यांना पहिल्यापासून कापसासाठी हवी आहे, कारण तो दरसाल ओसरीत ठेवावा लागतो. हयातीत मी आडवा आलो. मेल्यावर बापाला आडवे येणे बरे दिसत नाही. काजलला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "दादा, कापसासंगं वावरातल्या अळ्या येतीन. माह्या कोणत्या अन् बाबाच्या कोणत्या, हे मी कोणाले इचारू? अर्ध्या खोलीत कापूस म्हंजे पुऱ्या खोलीत कापूस." मी म्हणालो, मग मी जगतो. ती म्हणाली, तेच बरं. पण ते माझ्या एकट्याच्या हातात नाही.

कलम ५. मोटारी भरण्याचे मशीन माझा भागीदार रवी याला. ते तो आताही स्वतःचे समजूनच वापरतो.

कलम ६. संग्रामपूरहून काजलला पाहायला आलेल्या मुलाच्या मामांना ते बसले होते ती प्लास्टिकची खुर्ची पोचती करावी. त्यांनी "पोरीच्या हातचं काही दाखवा" असे म्हटल्यावर मी सरळ मनाने पतंगांचा पिंजरा आणून दाखवला. एक पतंग त्यांच्या टोपीवर बसला. ते गाडीत जाऊन बसले आणि खुर्ची बाटली असे म्हणाले. पुढच्या हंगामात त्यांचाच फोन आला, बोंडअळीसाठी काय करावे म्हणून. काजलने सगळे समजावून सांगितले. तिच्या जागी मी असतो तर सांगितले नसते.

कलम ७. शेजारी भगवंतराव यांना काहीही नाही. आमच्या घरातून अळ्या सुटतात, असे त्यांनी पारावर सांगितले आहे.

कलम ८. माझी विज्ञानाची पुस्तके, जवळपास कोरी, गल्लीतल्या समताला. ती अकरावीला आहे. काजलचे काम संपल्यावर खोली तिला वापरू द्यावी. तिने काय पाळावे यावर कोणी बोलू नये.

साक्षीदारांबाबत. तहसीलसमोरच्या अर्जनविसाने सांगितले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचा वाटा गेला समजावा. मी कोणी राहून जाऊ नये म्हणून सगळ्यांना काहीतरी ठेवले होते. त्यामुळे साक्षीदारच उरला नाही. रवी म्हणाला, "सही केली तं मशीन जाते. तू मरशीन तं मरशीन, मले काऊन बेकार करतं बे?" आईने मिक्सरवर हात ठेवला. समता अज्ञान आहे, म्हणजे वयाने. काही मिळाले नाही असे एकटे भगवंतराव. ते आनंदाने आले, सगळे वाचले, आपले कलम दोनदा वाचले आणि म्हणाले, "दुश्मनीच कामी आली पाय लेका."

साक्षीदार दोन लागतात, आणि अळ्यांच्या घरी सहीला गावातले दुसरे कोणी येईना. तेव्हा बाबांनी कागद ओढून घेतला. कलम चारवर बोट ठेवून ते वाचले. मी म्हणालो, बाबा, सही केली तर खोली जाईल. म्हणाले, "मले वाचता येते." मग म्हणाले, "कापूस वसरीत राहीन. दरसाल राहतेच." सही केली. पेन परत देताना विचारले, "ह्या अळ्यायले खायले काय देतं तू? सोमवारी कोणाले इचारू मंग?"

ते मी त्यांना खोलीत नेऊन दाखवले आहे. कलम चार रद्द. संपूर्ण खोली काजलची.

ठिकाण : वडनेर भोलजी
दिनांक : १२ डिसेंबर २०२५

लिहून देणार : गोविंदा शेषराव डवंगे

साक्षीदार :
१. भगवंतराव (शेजारी, काही न मिळालेले)
२. शेषराव डवंगे (वडील, मिळालेले सोडून दिलेले)