सुजातालाच का नेतात

ता. ६ जाने. १९८०
लिहायला लईच उशीर झाला, चुकलं. लेकीनं वही दिली ती रोज लिहायला, आणि मी पेटीत ठेवून नुसती काळजी करत बसलो. सुजाता, धाकटी. मिशनच्या दवाखान्यात नर्स. सुट्टीला आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "आप्पा, मिशनची माणसं थायलंडला चाललीत. कंबोडियातून पळून आलेली लोकं तिथं तंबूत हायेत. मी पण जाणार."
भाकरी तव्यावर टाकली. जणू लोहाऱ्याच्या बाजाराला चाललीय.
एवढ्या नर्सा असताना हीच का?

ता. ८
आज विचारलं, ती लोकं कोणत्या धर्माची?
"बौद्ध हायेत आप्पा. आपल्यासारखीच."
मग उलगडा झाला. माळावर पारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवतो. तो बोलला की रानातले जवळ येतात आणि फाशात अडकतात. तिकडची म्हातारी माणसं मिशनच्या पादऱ्याला भितील, पण त्रिशरण म्हणणाऱ्या पोरीजवळ येतील. मग त्यांचा धर्म बदलायला कितीसा वेळ.
सु.च्या आईला सांगितलं. म्हणाली, "तुमाला सोसायटीच्या खतात पण माती दिसती."
दिसते, कारण असते.

ता. १३
पादरी घरी आले. मराठीच माणूस, आमच्यासारखंच बोलतो. चहा बशीत ओतून प्यायला.
सरळ म्हणालो, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायचो, तेव्हा तुमची गाडी दूध वाटायची. सुजाता पण प्यायली. बदल्यात कुणी काही मागितलं नाही. आता पोरगी मागायला आलात. तितराचंही बोललो.
हसले. "आप्पा, मला तितर नको. सुई टोचणारी पाहिजे."
हे काय उत्तर झालं? हसण्यावारी नेलं.
ते गेल्यावर सु. तापली. "पादऱ्यावर भरवसा न्हाय, समजलं. माझ्यावर पण न्हाय?"
जेवलो नाही. तीही जेवली नाही.

ता. १४
हो म्हणालो. नाही म्हणून ती थांबली नसती, वर बोलणंही तुटलं असतं.

ता. २ फेब्रु.
गेली. एस.टी.त बसवताना म्हणालो, सकाळ-संध्याकाळ वंदना...
"म्हणते, आप्पा."
"मोठ्यानं म्हण. पादऱ्याला ऐकू गेली पाहिजे."
कंडक्टर म्हणाला, "मामा, उतरा आता, का तुमी पण येताव?" लोक हसले. खाली उतरलो, पण खिडकी सोडली नाही.

ता. २१ मार्च
विहिरीत पाणी नाही, सकाळपासून खरवडून दोन घागरी. सु.चं एक कार्ड आलं होतं, पोचले, बरी आहे. त्यानंतर काही नाही. कार्डावर तंबूंबद्दल एक अक्षर नाही. लिहू देत नसतील का?

ता. ४ एप्रिल
मिशनची माणसं परत आली. सु. त्यांच्यात नाही.
पादरीही तिकडंच होते, तेच सांगायला आले. मी दारातच उभा राहिलो. "पावसाळ्यापर्यंत राहती म्हणाली. तिथं माणूस कमी पडतंय."
"तुमी ठेवून आलाव."
"न्हाय आप्पा, तिनंच ठरवलं. संध्याकाळी तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर वंदना म्हणती. मी बाहेर बसून ऐकायचो."
सु.ची आई पदर तोंडाला लावून रडली. तिला बरं वाटलं. मला वाटलं नाही. मला जे ऐकायचं होतं तेच हा माणूस नेमकं कसं बोलला? खरं असेल तर पोरगी आपलीच आहे. खोटं असेल तर यांना माझं मन चांगलंच कळलंय. तोंडाकडं पाहून काही ओळखू येईना. पाणी दिलं, प्यायले, गेले.

ता. ५
सुजाता, ह्याच ओळी कार्डावर उतरवून आज टपालात टाकतो. तू का राहिलीस ते तुझ्या हातानं लिही. मिशनच्या माणसाजवळ निरोप देऊ नको. म्हाताऱ्याला बरं वाटेल ते नको, जे हाय ते लिही, आणि लवकर लिही.