दारातली तसबीर

४ मार्च
चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.
निमंत्रण पोचलं. जुन्या प्रार्थनाघराचं तुम्ही गावचं संग्रहालय केलंत, आणि रिकामा मास्तर म्हणून तुला चिटणीस नेमलं, हे वाचून हसू आलं. आत काय, तर गंजलेली कुलपं, बंद पडलेली घड्याळं आणि कुणाच्या तरी आजोबांची काठी. घरची अडगळ काचेत ठेवली की तिला इतिहास म्हणायचं. म्हणा बापडे.
पण दारातच त्या प्रार्थनाघराच्या थोरल्या उपदेशकांची तसबीर, आणि खाली 'थोर समाजसुधारक'? माझे बाबा गेल्यावर आईनं तुझ्या वडिलांशी लग्न केलं, तेव्हा याच सुधारकानं तिला भरल्या सभेत उभं करून बाहेर काढलं. मी तिचा हात धरून होते. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, म्हणून तुला सोपं जातं. मी यायची नाही.
लोभ आहेच, वाढवण्याजोगं काही केलंस तर बघू.
तुझी अक्का

११ मार्च
ती. अक्कास,
सा. न.
तू चिडणार हे ठाऊक होतं. पण अध्यक्ष म्हणजे उपदेशकांचा नातू. छप्पर त्यानं दुरुस्त केलं, कपाटं त्यानं दिली. तसबीर आत कुठंतरी लावू म्हटलं, तर शिपायाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. माझं कोण ऐकतो? आणि जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार?
गुडघ्याला जप. माया पातळ करू नकोस.
तुझा बाळ

१७ मार्च
चि. बाळ यास,
आशीर्वाद, सवयीनं.
संग्रहालयाचा चिटणीस विचारतो, जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार. धन्य आहेस. शेपूट असतं तर हलवलं असतंस. गुडघा बरा आहे. मी कुणापुढं टेकवत नाही.
अक्का

२ एप्रिल
ती. अक्कास,
सा. न.
काल उद्घाटन झालं. अध्यक्ष आजोबांवर तासभर बोलले. निम्मे लोक पेंगत होते. मग आभार मानायला मला उभं केलं. मी आभार मानलेच नाहीत. तसबिरीतल्या माणसानं आईला याच खोलीतून कसं हाकललं, ते सांगितलं.
अध्यक्षांनी हसून विचारलं की मास्तर, याला पुरावा काय. मी म्हटलं की पुरावा मी. ज्या लग्नापायी तिला काढलं, त्यातूनच झालो.
अध्यक्षांनी घाईघाईनं चहा आणायला सांगितला. त्यांना तेवढंच सुचलं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि आईला काढलं त्याच दारानं बाहेर पडलो.
तसबीर तिथंच आहे. रविवारी तुझ्याकडे येतो. आईबद्दल मला फारसं काही ठाऊक नाही, हे काल बोलताना कळलं. सगळं सांग.
तुझा बाळ