दर पाच मिनिटांनी मैथिली

१ डिसेंबर, सोमवार
१४२. बाण सरळ. म्हणजे डबा संपवून वर्गात बसली असेल.
लेक वर्तकनगरला, तिच्या आईकडे. मी डोंबिवलीत. मध्ये चौदा महिने आणि दोन वकील! मैथिलीच्या दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी तिची शुगर माझ्या मोबाइलवर धाडतो. टाइप वन डायबेटिस, सातव्या वर्षापासून. आता दहाची आहे. पंधरा दिवसांतून एक रविवार माझा. बाकीचे दिवस हा आकडा.

४ डिसेंबर
साडेपाचला २३१! देवयानीला फोन. "काय खाल्लं तिने?" — "रचनाच्या वाढदिवसाचा केक. इन्सुलिन दिलंय. केदार, मलाही कळतं रे."
कळतं तिला. माझ्यापेक्षा जास्तच. पण केक खाताना मैथिलीच्या नाकाला क्रीम लागतं. ते कोणी पुसलं असेल?

७ डिसेंबर, रविवार
आज माझी! फडके रोडवर हिंडलो. शाळेच्या गॅदरिंगला नऊवारी नेसून नाच आहे, ही पहिल्या रांगेत. दंडाला वाकी हवी म्हणाली. घेतली. सैल होती, नाचताना पडेल म्हणून दुकानदाराकडून दाबून घेतली. आरशात स्वतःला बघून हसली. तेवढं हसू पंधरा दिवस पुरवायचं.
संध्याकाळी सोडताना, खाली गेटपाशी — "बाबा, तू येणार?" पास दोनच. एक आईचा, एक प्रभाकर आजोबांचा. म्हटलं, व्हिडिओ बघीन. "हं," म्हणाली आणि जिना चढून गेली.

१० डिसेंबर
११८. ११८. १२१. झोपली वाटतं.

१३ डिसेंबर, शनिवार
साइटवरून परतताना शीळफाट्याला अडकलो. पावणेबाराला मोबाइल किंचाळला. ६८. मग ५४, बाण खाली. आणि ती त्या वेळी स्टेजवर! देवयानी फोन उचलेना. मैथिलीचा मोबाइल विंगेत मेघना मिसकडे असणार — त्यावर लावला. ओरडलोच, "थांबवा तिला! चक्कर येऊन पडेल ती!"
थांबवलं. गाणं बंद, पडदा खाली. भरल्या हॉलसमोर मिसने तिला धरून बसवलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं. देवयानी गर्दीतून वाट काढत मीटर घेऊन पोचली. बोट टोचलं. १२१!
नंतर तिचा फोन. "वाकी सेन्सरवर दाबून बसलेली. दाब आला की आकडा खोटा उतरतो. कुशीवर झोपली की होतं ना तसंच. विसरलास? अलार्म मलाही आलेला, मी निघालेच होते. दोन मिनिटं दम धरवत नाही तुला!"
नाच पुन्हा पहिल्यापासून झाला. मैथिली उभी राहिली नाही. आजोबा म्हणे विंगेत जाऊन तिला समजावत होते.
वाकी मीच दाबून घेतली होती. मीच!

१४ डिसेंबर
ॲप उघडलं. आकड्याच्या जागी रेघ. 'शेअरिंग बंद करण्यात आले आहे.'
देवयानीवर खेकसलो. ती शांत. "मी नाही, तिनेच काढलं तुला. मी म्हटलं, राहू दे. म्हणाली, बाबा फोन करतो तो माझ्या मशीनसाठी. ...मला दिसतंय सगळं, काळजी करू नकोस."

१६ डिसेंबर
काळजी नाहीये. आठवण येतेय. खूप येतेय. सिग्नलला, लिफ्टमध्ये, चहा घेताना मोबाइल काढतो. रेघ.

१८ डिसेंबर
मैथिलीला 'सॉरी मनू' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहून पाठवलं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२१ डिसेंबर, रविवार
माझा रविवार. सकाळीच देवयानीचा मेसेज — 'ती नको म्हणतेय.' दाढी करून बसलो होतो.

२४ डिसेंबर
फोन. तिचा. आपणहून!
"बाबा, जेवलास?" गेल्या चौदा महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग वर्गातलं भांडण, हलणारी दाढ, नाचाचा राग — त्यावरून चांगलंच झापलं मला. पाऊण तास!
शुगर विचारायची राहूनच गेली.