आधी कविता, मग वजन

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर

प्रिय यमुना,

'प्रिय' वाचून लाजू नकोस. एवढ्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, म्हणून हा शब्द राहून गेला होता.

तुळस ठीक आहे. खाटेवर तुझी गोधडी अजून तशीच आहे. लकव्यानंतर तुला खाटेवरून खुर्चीत बसवताना माझी कंबर धरली, आपण दोघंही खाली आलो, आणि जितेंद्र तुला इंदूरला घेऊन गेला. बाबांच्यानं होणार नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तो बरोबर होता.

आता ऐक. डॉक्टरांना विचारून मी आपल्या गल्लीतल्या व्यायामशाळेत जाऊ लागलो. पहिल्या दिवशी घरूनच तिळाचं तेल चोळून, उन्हात बसून गेलो. आमचे वडील आखाड्यात उतरण्याआधी तेच करायचे. अंग चांगलं तापलं होतं, म्हणून थेट वजनाला हात घातला, तर शिकवणारी प्रतिभा धावत आली. म्हणाली, काकाजी, चमडी गरम झाली, सांधे अजून झोपलेत, पहले इनको जगाओ.

तेव्हापासून आधी जागच्या जागी चालतो. मग खांदे फिरवतो, मनगटं फिरवतो, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकतो, खुर्चीवरून सावकाश उठतो-बसतो. वजनाआधी तीच हालचाल नुसत्या काठीनं. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागता कामा नये, असा तिचा नियम. मग मी आपली चौथीतली नदीची कविता म्हणतो. ओळ मध्येच तुटली तर पाऊल हळू करतो. नेपानगरच्या मिलमध्ये पाळीवर जाताना हीच म्हणायचो आणि तू म्हणायचीस, डबा विसरला तरी चालेल, कविता नाही विसरणार. आता व्यायामशाळेतल्या पोरांनाही ती पाठ झाली आहे.

काल प्रतिभाला घरी बोलावलं. शेजारची मालूबाई तुझ्या खाटेवर अंग सैल सोडून बसली. म्हणे, भाऊ, वहिनींपेक्षा मी जड, मला उठवलं तर पास. पाडलं तर दोन्ही घरची भांडी तुम्ही घासायची. मी कविता पुरी केली, गुडघे वाकवले, तिला छातीशी धरलं आणि खुर्चीत बसवलं. कंबर बोलली नाही. मालूबाई मात्र बोलतच होती. प्रतिभानं परत एकदा करायला लावलं, तेव्हा कुठे मान हलवली.

म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या बसनं तुला आणायला येतोय. जितेंद्रला अजून सांगितलेलं नाही, पत्र मिळेल त्या दिवशी जेवताना तू सांग. तो नाही म्हणेल. त्याच्यासमोरच तुला उठवून दाखवीन. त्याआधी तुझ्या खाटेजवळ उभा राहून हातपाय हलवीन, नदीची कविता म्हणीन. सगळे हसतील, तू हसू नकोस. कविता संपली की हात माझ्या खांद्यावर ठेव. गळ्यात नको, प्रतिभा नाही म्हणते.

तुझाच,
हिरामण